यंत्र जागेवर, नाव गायब

२०२३ साली थ्रीडी प्रिंटर चालवणाऱ्या अनेक हौशी मंडळींचं काम एका साध्या अपडेटनंतर ठप्प झालं. त्यांचा प्रिंटर यूएसबी केबलने एका छोट्या संगणकाला जोडलेला असतो. संगणकावर लिनक्स असतं आणि क्लिपर हे सॉफ्टवेअर '/डेव्ह/सिरियल/बाय-आयडी' या डिरेक्टरीत प्रिंटर शोधतं. डेबियन ११ चं अपडेट बसलं आणि ती डिरेक्टरीच दिसेनाशी झाली. अशा वेळी पहिला संशय केबलवर जातो, मग बोर्डावर. इथे दोन्ही निर्दोष होते.

लिनक्समध्ये जोडलेलं बहुतेक प्रत्येक उपकरण '/डेव्ह' या डिरेक्टरीत फाइलच्या रूपात दिसतं. त्या फाइलमध्ये मजकूर नसतो, फक्त दोन क्रमांक असतात: कोणता ड्रायव्हर आणि त्याच्या हाताखालचं कोणतं उपकरण. 'एसडीए' या पहिल्या डिस्कचे क्रमांक ८ आणि ०. पूर्वी या नोंदी डिस्कवर कायमच्या करून ठेवत. रेड हॅट ९ मध्ये त्या १८,००० हून अधिक होत्या, उपकरणं मात्र मूठभर! २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी या नोंदी सांभाळणारं 'यूडेव्ह' आणलं आणि हे चित्र पालटत गेलं. आजचं 'डेव्ह' मेमरीत राहतं आणि दर वेळी संगणक सुरू होताना नव्याने भरलं जातं. ते शाळेच्या हजेरीपटासारखं आहे. हजर असेल त्याचीच नोंद.

ही नोंद टप्प्याटप्प्याने होते आणि बिघाड शोधताना तोच क्रम धरावा, असं मी आग्रहाने सांगेन. उपकरण यूएसबीवर दिसतं का, हे 'एलएसयूएसबी' ही कमांड सांगते. कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, ते ओळखून ड्रायव्हरच्या हवाली केलं का, हे 'डीमेसेज'मध्ये वाचता येतं. तसं झालं असेल तर 'टीटीवाययूएसबी०' किंवा 'टीटीवायएसीएम०' हे कच्चं नाव तयार होतं. त्यानंतर यूडेव्ह आपले नियम वाचून उत्पादक आणि अनुक्रमांक यांवरून 'बाय-आयडी'तलं पक्कं नाव देतं. डेबियनच्या प्रकरणात कच्चं नाव शाबूत होतं. चूक '६०-सिरियल' या नियमांच्या फाइलमध्ये होती. दुरुस्त फाइल आली आणि डिरेक्टरी परतली.

अशी दुरुस्ती येईपर्यंत कच्च्या नावावर काम भागतं, पण जपून. त्या नावाच्या शेवटचा क्रमांक उपकरणं सापडण्याच्या क्रमावर ठरतो. दोन प्रिंटर असतील तर अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. डिस्कच्या बाबतीत हे अधिक गंभीर. २००७ मध्ये फेडोरा ७ ने ड्रायव्हर बदलला आणि आयडीई डिस्कचं 'एचडीए' हे नाव 'एसडीए' झालं. म्हणूनच डिस्कची यादी असलेल्या 'एफएसटॅब' फाइलमध्ये अशा नावाऐवजी यूयूआयडी हा न बदलणारा ओळखक्रमांक लिहिणं शहाणपणाचं.

कच्चं नावही नसेल तर ड्रायव्हर तपासावा. कर्नल बदलला, पण संगणक पुन्हा सुरू केला नाही, तर कधी कधी जुनाच कर्नल चालू असतो आणि त्याचे मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइल, मात्र डिस्कवरून गेलेले असतात. रीस्टार्टने हे सुटतं. 'एमकेनॉड' या कमांडने हाताने नोंद करण्याचा मोह टाळावा. ड्रायव्हरच नसेल तर तिचा उपयोग नाही आणि पुढच्या रीस्टार्टला ती पुसली जाते.

एक जागा हमखास नजरेतून सुटते. '/इटीसी/यूडेव्ह/रूल्स.डी'मध्ये पूर्वी कुणी एखाद्या नियमाची प्रत ठेवली असेल, तर ती त्याच नावाच्या नव्या अधिकृत नियमाला झाकून टाकते. कितीही अपडेट केलं तरी जुनाच नियम लागू राहतो. 'यूडेव्हअॅडम टेस्ट' चालवल्यावर कोणत्या फाइल वाचल्या गेल्या ते दिसतं. जुनी प्रत तिथेच सापडते.