नखाएवढ्या ठिणगीचा शोध

मोटार बिघडली तर ती रस्त्याच्या कडेला उभी राहते. विमान बिघडले तर त्याला कडेला उभे राहण्याची सोय नसते! मग ते विमान दोनशे उतारू नेणारे असो, की एखाद्या हौशी माणसाने चार महिने संध्याकाळ-संध्याकाळ खपून बाल्साच्या लाकडाचे केलेले असो.

या दुसऱ्या प्रकारच्या विमानांची हौस जगभर आहे. आपल्याकडेही राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुविभागात मुलांना अशी विमाने करायला शिकवतात. त्यांतली काही रबराच्या पिळावर उडतात, काही आता विजेच्या मोटारीवर. पण खरा दर्दी विचाराल तर तो म्हणेल, “पेट्रोलच्या इंजिनाचा आवाज ऐकल्याशिवाय विमान उडाल्यासारखे वाटतच नाही!” आणि त्याला सर्वांत जास्त कशाची चिंता असते? पंखाची नाही, शेपटीची नाही. करंगळीच्या पेराएवढ्या स्पार्क प्लगची!

दोन मित्र आणि एक इंजिन

ही हौस वाढली ती अमेरिकेत. फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्राउन नावाच्या तरुणाने जेमतेम १० घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन तयार केले. त्याच गावच्या मॅक्सवेल बॅसेटने ते आपल्या विमानांवर बसवले. १९३३ सालच्या राष्ट्रीय स्पर्धेत या विमानांनी रबरावरच्या विमानांना इतके मागे टाकले, की पुढे पेट्रोल विमानांचा वर्गच वेगळा करावा लागला. ‘ब्राउन ज्युनियर’ हे इंजिन लौकरच बाजारात आले आणि त्याच्यामागून अशा इंजिनांची रांग लागली.

या इंजिनांना मोटारीचा प्लग कसा चालणार? मोटारीचा प्लग सिलिंडरच्या डोक्यावर ठेवला तर टोपीखाली माणूस झाकावा तसे इंजिन झाकले जाईल! म्हणून चॅम्पियनसारख्या कारखान्यांनी खास चिमुकले प्लग काढले. या नावाची कथाही गमतीची आहे. आल्बेर शांपियाँ हा फ्रेंच सायकलपटू. १८९९ साली त्याने पॅरिस-रूबे शर्यत जिंकली. पुढे अमेरिकेत येऊन त्याने आपल्या नावाने कंपनी काढली. पण भागीदारांशी फारकत झाली तेव्हा ‘चॅम्पियन’ हे नाव त्यांच्याकडेच राहिले! बिचाऱ्याने नव्या कारखान्याला आपल्या नावाची नुसती आद्याक्षरे दिली. तो ‘ए. सी.’ प्लगही पुढे तितकाच गाजला.

सेकंदाला शंभर वेळा

प्लगचे काम सांगायला सोपे, करायला अवघड. मधोमध एक धातूची कांडी, तिच्याभोवती चिनीमातीसारखे कठीण, वीजरोधक आवरण आणि बाहेर आट्यांचे लोखंडी कवच. कांडीचे टोक आणि कवचाला जोडलेले वाकडे टोक यांत बारीकशी फट. जुन्या छोट्या इंजिनांत ही फट पाव-तृतीयांश मिलिमीटरची, आजच्या मोठ्या इंजिनांत साधारण अर्ध्या मिलिमीटरची. बॅटरीची चार-सहा व्होल्टची वीज कॉइलमधून हजारो व्होल्टची होऊन येते आणि या फटीतून उडी मारते. तीच ठिणगी.

इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर दोन धावांच्या इंजिनात सेकंदाला १०० ठिणग्या पडायला हव्यात. त्याही नेमक्या क्षणी! आवरणाला केसाएवढी चीर गेली किंवा टोकावर काजळी धरली, की वीज फटीतून उडी मारण्याऐवजी चोरवाटेने कवचात उतरते. इंजिन दोनदा खोकते, बंद पडते, आणि चार महिन्यांच्या संध्याकाळी शेतात येऊन आदळतात.

प्लग गेले कुठे?

मग दुकानात जाऊन नवा प्लग आणावा, एवढे सोपे ते का नाही? याचे उत्तर १९४७ सालात आहे. त्या वर्षी रे आर्डेन या अमेरिकन संशोधकाने ‘ग्लो प्लग’ बाजारात आणला. त्यात ठिणगीच नाही. प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे सुरुवातीला बॅटरीने तापवायचे. नंतर मेथॅनॉलच्या इंधनात ते आपले आपणच धगधगत राहते. कॉइल गेली, कंडेन्सर गेला, विमानातली बॅटरीही गेली. वजन उतरले, किंमत उतरली आणि थोड्याच वर्षांत ठिणगीची इंजिने माळ्यावर गेली. गिऱ्हाईक नाही तिथे माल कोण करील?

पण माळ्यावरची वस्तू एक दिवस खाली येतेच. आजोबांचे इंजिन नातवाला सापडते. अमेरिकेत तर जुन्या घडणीची विमाने जुन्याच इंजिनांवर उडवणाऱ्यांची मंडळे आहेत. दुसरीकडे, यांत्रिक करवतीच्या इंजिनांवरून बेतलेली मोठी पेट्रोल इंजिने आली आणि ठिणगी पुन्हा मैदानात उतरली. मोठ्या इंजिनांना प्लग मिळतो. अडते ते छोट्यांचे.

आधी आटे मोजा

प्लग शोधायला निघण्यापूर्वी आपल्या इंजिनाचे भोक नीट मोजावे. छोट्या इंजिनांत मुख्यतः तीन मापे दिसतात. पहिले पाव इंच व्यासाचे, इंचाला ३२ आटे. दुसरे तीन-अष्टमांश इंचाचे, इंचाला २४ आटे. आणि तिसरे १० मिलिमीटरचे, एक-एक मिलिमीटरवर आटा.

यात दोन खड्डे आहेत. तीन-अष्टमांश इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर. “अर्ध्या मिलिमीटरने काय होते?” म्हणून दहाचा प्लग त्यात पान्ह्याने पिळला, की मऊ अॅल्युमिनियमचे आटे कायमचे गेलेच! दुसरा खड्डा पाव इंचाचा. ग्लो प्लगचे मापही नेमके तेच असल्यामुळे तो भोकात छान बसतो. पण पेट्रोलवर तो तग धरत नाही, आणि मेथॅनॉल घालून जुने नाजूक इंजिन दामटले तर त्याच्या दांड्यांवर नको तेवढा ताण पडतो.

आटा किती खोल जातो तेही पाहावे. प्लग फार लांब असेल तर दट्ट्या त्याच्यावर आपटेल. फार आखूड असेल तर ठिणगी खबदाडात पडेल.

गरम आणि थंड

प्लगलाही प्रकृती असते. त्याचे टोक ४५० अंश सेंटिग्रेडच्या आसपास तापले तरच काजळी जळून ते स्वच्छ राहते. ८५० च्या पुढे गेले तर ठिणगीची वाट न पाहता तेच इंधन पेटवू लागते. जुन्या इंजिनांत तीन भाग पेट्रोल आणि एक भाग जाड तेल घालण्याची रीत. एवढ्या तेलात थंड प्रकृतीचा प्लग लगेच काळवंडतो. आजच्या इंजिनांत तिसाला एक, चाळिसाला एक असे तेल पुरते, म्हणून त्यांचे पथ्य वेगळे.

मात्र आकड्यांवर आंधळा विश्वास नको. एन. जी. के.च्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. चॅम्पियनच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग गरम! उडवून झाल्यावर प्लग काढून पाहावा. बदामी रंग म्हणजे प्रकृती उत्तम, काळा म्हणजे तेल फार किंवा प्लग थंड, पांढराफटक म्हणजे ताप चढला.

अस्सल की नक्कल?

छोट्या मापांसाठी दोन वाटा. पहिली जुन्या शिल्लक मालाची. खोक्यावर भुलू नये. आवरणावर बोट फिरवून चीर पाहावी, आणि मधली कांडी व कवच यांत वीज वाहत नाही याची मीटरने खात्री करावी. दुसरी वाट नव्याने घडवलेल्या प्लगांची. अमेरिकेत ‘रिमफायर’ नावाने असे प्लग निघाले आणि अनेक बंद इंजिनांना वाचा फुटली.

मोठ्या इंजिनांसाठी १० मिलिमीटरचा एन. जी. के. सीएम-६ सर्वांच्या तोंडी आहे. आणि जे तोंडी असते त्याची नक्कल होतेच. अक्षरे पुसट, आटे खरखरीत, वाकडे टोक मध्यावर नाही आणि किंमत मात्र मोहात पाडणारी, अशी लक्षणे दिसली की हात आखडता घ्यावा. दहा पैसे वाचवायला जाऊन विमान घालवण्यात शहाणपण नाही.

आणखी एक गोष्ट. प्लग बाहेर काढून ठिणगी पडते, म्हणजे तो चांगला, असे समजू नये. सिलिंडरात हवा दाबली जाते आणि दाबलेल्या हवेतून उडी मारायला विजेला जास्त जोर लागतो. बाहेर चमकणारा प्लग आत मुका राहू शकतो. शिवाय ही परीक्षा पेट्रोलपासून दूर आणि पंख्यापासून हात जपून करावी. फिरता पंखा बोटांना ओळखत नाही.

अटलांटिकवरची ठिणगी

एवढ्याशा इंजिनासाठी इतका खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याला मेनार्ड हिलची हकीकत सांगावी. हा अमेरिकन गृहस्थ सत्याहत्तर वर्षांचा, दृष्टी जवळजवळ गेलेली. ऑगस्ट २००३ मध्ये त्याने इंधनासह पाच किलोपेक्षा कमी वजनाचे विमान कॅनडातील न्यूफाउंडलंडहून सोडले. ३८ तास ५२ मिनिटे ते अटलांटिकवरून एकटे उडत होते. सुमारे ३,००० किलोमीटर तोडून ते आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. १९१९ साली ऑल्कॉक आणि ब्राउन जिथे उतरले होते, त्याच परिसरात. इंजिन होते १० घनसेंटिमीटरचे, ब्राउन ज्युनियरच्या मापाचे!

खाली समुद्र, वर अंधार, आणि इंजिन क्षणभर थांबले असते तर ते पुन्हा सुरू करायला कोणीही नव्हते. ज्या लहान भागाला आपण ‘काय एवढे त्यात’ म्हणतो, त्याच्याच भरवशावर मोठी उडी मारलेली असते. म्हणून तुमच्या माळ्यावर एखादे जुने इंजिन पडले असेल, तर ते भंगारवाल्याला देण्यापूर्वी एकदा त्याचे आटे मोजून पाहा. कुणी सांगावे, एका योग्य प्लगाचीच ते वाट पाहत असेल!