शाळेपुढचा रस्ता

ऊसतोड सुरू झाली, की नेमक्या शाळा सुटायच्या वेळेला भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. “पोरं बघून चालत नाहीत,” असं आपण म्हणतो. पण लहान लेकराला येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाजच नीट येत नाही. म्हणून वेग गाडीनंच कमी करायला हवा.

ताशी ३० किलोमीटरनं धावणारी गाडी एका सेकंदात ८ मीटर पुढं जाते, ६० नं जवळपास १७ मीटर. वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागतं.

मात्र मुरूम टाकून आपणच गतिरोधक करू नका. पट्टे नसलेल्या उंचवट्यावर रात्री दुचाकी घसरते. रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम विभागाचा, ते ग्रामपंचायतीत विचारा. गटाच्या बैठकीत अर्ज लिहा, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव मांडा: पट्टे मारलेला गतिरोधक, ‘पुढे शाळा आहे’ फलक, वळणावरची झुडपं तोडणं. अर्जाची पोच घ्या.

आणि घरातलंही बघू. लायसन नसलेल्या अल्पवयीन मुलानं गाडी चालवली, तर कायद्यानं पालकाला २५ हजार रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डेअरीला पाठवताना किल्ली आपणच देतो ना?