मुलासाठी व्हॉलीबॉलचे मंडळ निवडताना

खानदेशातील पालक मुलाची शाळा निवडताना शिक्षकांची कीर्ती, दहावीच्या निकालाची टक्केवारी, घरापासूनचे अंतर आणि शुल्काची रक्कम या साऱ्यांची कसून चौकशी करतात. परंतु तेच मूल ज्या मैदानावर रोजची संध्याकाळ, आणि पर्यायाने शरीराच्या वाढीची व स्वभावाच्या जडणघडणीची मोलाची वर्षे घालवणार असते, त्या मैदानावरील मंडळाची निवड मात्र शेजारचा मुलगा तेथे जातो, किंवा मंडळाच्या कपाटात पुष्कळ चषक मांडलेले दिसतात, एवढ्याच आधारावर होऊन जाते. जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चोपडा, शिरपूर या गावांना व्हॉलीबॉल अपरिचित नाही. शाळांची पटांगणे, महाविद्यालयांची मैदाने, जुन्या व्यायामशाळा आणि जिल्हा क्रीडा संकुले अशा नाना ठिकाणी मुलांना हा खेळ शिकवला जातो, आणि शिकवणाऱ्यांची योग्यताही तितकीच नाना प्रकारची असते. अशा स्थितीत पालकाने कोणत्या कसोटीवर भरवसा ठेवावा, याविषयी माझे मत असे आहे, की मंडळाची परीक्षा त्याच्या पहिल्या सहा खेळाडूंवरून करू नये; बाकावर बसणाऱ्या मुलांवरून करावी.

हे मत या खेळाच्या घटनेतूनच निघते. 1895 साली अमेरिकेतील होल्योक या गावी वायएमसीएचे शारीरिक शिक्षण-संचालक विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ सिद्ध केला, तो बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या प्रौढ व्यावसायिकांसाठी. पुढे त्याचे रूप पालटून तो अत्यंत चपळ झाला. 18 मीटर लांब आणि 9 मीटर रुंद अशा अंगणात दोन्ही बाजूंस सहा-सहा खेळाडू उभे राहतात, चेंडू पकडून ठेवण्यास कोणालाच मुभा नसते, तीन स्पर्शांच्या आत तो पलीकडे गेलाच पाहिजे, आणि प्रतिपक्षाकडून सर्व्हिसचा हक्क आपल्याकडे आला की संघातील प्रत्येकाला घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक जागा पुढे सरकावे लागते. आत्ता जाळ्याशी उडी मारून स्मॅश करणारा मुलगा थोड्याच वेळात मागच्या ओळीत येऊन वेगाने येणारी सर्व्हिस झेलण्यास बांधलेला असतो. ज्याला ती झेलता येत नाही, त्याच्याच अंगावर प्रतिपक्ष पुनःपुन्हा सर्व्हिस टाकतो. 1998 पासून मागच्या ओळीत बचाव करणाऱ्या लिबेरोची सोय नियमांत झाली हे खरे, तथापि तिच्या आधाराने लहान मुलांना अर्धाच खेळ शिकवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आणि हाच अन्याय चषकांच्या मागे लागलेल्या मंडळांत सर्वाधिक घडतो. बारा-तेरा वर्षांचा एखादा मुलगा बरोबरीच्या मुलांत वीतभर उंच दिसला, की त्यास जाळ्यापाशी उभे करून फक्त स्मॅश आणि ब्लॉक शिकवले जातात. त्या वयोगटात त्याच्या जोरावर संघ जिंकतो, मंडळाचे नाव वर्तमानपत्रात छापून येते आणि आईबापांनाही धन्यता वाटते. परंतु ज्याची वाढ लवकर सुरू होते त्याची ती पुष्कळदा लवकर थांबते. सोळा-सतराव्या वर्षी इतर मुले उंचीने त्याला गाठतात, आणि मग मध्यम उंचीचा, चेंडू स्वीकारता न येणारा आणि सेटरचे काम कधी न केलेला असा तो मुलगा निवडचाचणीत मागे पडतो. उलटपक्षी, ज्या प्रशिक्षकाने बुटक्या मुलालाही स्मॅश करावयास आणि उंच मुलालाही बोटांनी चेंडू उचलावयास लावलेले असते, त्याची मुले वयाच्या चौदाव्या वर्षी कदाचित हरतात, पण अठराव्या वर्षी मैदानात टिकलेली दिसतात.

म्हणून प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी पालकाने सरावाच्या वेळी, आगाऊ वर्दी न देता, मैदानाच्या कडेला तासभर उभे राहावे. चेंडू किती आहेत आणि मुले किती, हे प्रथम पाहावे. वीस मुलांमध्ये दोनच चेंडू असतील, तर बहुतेकांचा सारा वेळ रांगेत उभे राहण्यात किंवा चेंडू आणून देण्यात जाणार हे उघड आहे. जाळ्याची उंची पाहावी. पुरुषांसाठी 2.43 मीटर आणि स्त्रियांसाठी 2.24 मीटर ही मापे प्रौढांची आहेत, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलांना त्याच जाळ्यावर झुंजवणारा प्रशिक्षक त्यांच्या खांद्यांना चुकीची सवय लावत असतो. चूक झाली असता तो काय करतो, जवळ जाऊन हाताची ठेवण दुरुस्त करतो की दुरूनच अपशब्द वापरतो, हे तर कोणत्याही प्रशस्तिपत्रापेक्षा अधिक बोलके असते. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा शारीरिक शिक्षणाची पदवी त्याच्यापाशी असल्यास उत्तमच, आणि ती विचारण्यात संकोच मानू नये. मात्र पदवी असूनही मुलांना हिडीसफिडीस करणारा मनुष्य टाळावा.

खानदेशापुरती एक विशेष बाब येथे सांगितली पाहिजे. ग्रामीण महाराष्ट्रात, आणि तापीकाठच्या गावांतही, शूटिंग व्हॉलीबॉल हा जुना व लोकप्रिय प्रकार आहे. गावोगावी त्याच्या स्पर्धा भरतात, रोख बक्षिसे लागतात आणि माणसे रात्र रात्र जागून सामने पाहतात. तो खेळ रांगडा व देखणा आहे आणि त्याची परंपरा जपली जावी असे मला मनापासून वाटते. परंतु त्यात भर असतो तो चेंडू जोराने थेट पलीकडे मारण्यावर. स्वीकार, उचल आणि स्मॅश या तीन स्पर्शांची सांगड हा जो ऑलिंपिक व्हॉलीबॉलचा आत्मा, तो त्यात नाही. दोहोंचे नियम वेगळे, संघटना वेगळ्या आणि प्रमाणपत्रेही वेगळी. मंडळात नेमके काय शिकवतात हे न विचारता मुलाला पाठवले, तर दोन वर्षांनी शालेय स्पर्धेच्या वेळी पंचाईत होते.

या शालेय स्पर्धांची रचनाही पालकाने समजून घ्यावी. 14, 17 आणि 19 वर्षांखालील अशा तीन गटांत त्या होतात. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्र अशा पायऱ्या असतात. जळगाव, धुळे व नंदुरबार हे जिल्हे नाशिक विभागात मोडतात. आणि 2003 साली जळगाव व धुळे येथे महानगरपालिका झाल्यामुळे त्या शहरांतील शाळांची स्पर्धा उर्वरित जिल्ह्याहून स्वतंत्र होते. या स्पर्धेत मूल खेळते ते शाळेच्या नावाने. मंडळ कितीही नामांकित असले आणि मुलाच्या शाळेने संघच पाठवला नाही, तर ती वाट बंद राहते. मंडळाच्या नावाने खेळावयाच्या स्पर्धा आणि सब-ज्युनिअर, ज्युनिअर गटांच्या निवडचाचण्या जिल्हा व्हॉलीबॉल संघटनेमार्फत होतात. तेव्हा मंडळ त्या संघटनेशी संलग्न आहे की नाही, हे तोंडी आश्वासनावर न सोडता कागद पाहून ठरवावे.

कागदांचे महत्त्व येथेच संपत नाही. राज्य शासनाने 2005 साली खेळाडूंसाठी शासकीय सेवेत 5 टक्के आरक्षण ठेवले, दहावी-बारावीच्या परीक्षांत क्रीडागुणही मिळतात, आणि रेल्वे, पोलीस व सैन्यदल यांत व्हॉलीबॉलपटूंना फार पूर्वीपासून मान आहे. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात, किंवा राज्य राखीव पोलीस दलाचा सहावा गट जेथे आहे त्या धुळ्यात, नोकरीची आशा स्वाभाविक आहे. परंतु प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याच्या दप्तरातून होते, आणि अनधिकृत स्पर्धेचा कागद कितीही रंगीत असला तरी तेथे टिकत नाही. 2016 साली अंतर्गत कलहामुळे आंतरराष्ट्रीय महासंघाने भारताच्या राष्ट्रीय संघटनेलाच निलंबित केले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे अधिकृत कोण, हा प्रश्न दरवर्षी नव्याने का विचारावा हे समजेल. तथापि केवळ नोकरीच्या हिशेबाने मुलाला मैदानावर पाठवणाऱ्या पालकांविषयी मला चिंता वाटते; कारण त्या मार्गाने नोकरी मिळणारे थोडे असतात, आणि बाकीच्यांना मग खेळलेली सारी वर्षे वाया गेली असे वाटू लागते.

पैशांविषयी थोडक्यात सांगतो. मंडळ नोंदणीकृत असावे, वर्गणीची पावती मिळावी, आणि गणवेश, प्रवास व शिबिर यांचा खर्च वर्षारंभीच लेखी सांगितला जावा.

आरोग्याकडे मात्र अधिक लक्ष हवे. वाढीच्या वयात सततच्या उड्यांनी गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीचे हाड जेथे सुरू होते तेथे, दुखू लागते. ते दुखणे सोसायला लावणे म्हणजे जिद्द शिकवणे, असा काही प्रशिक्षकांचा समज असतो, आणि तो घातक आहे. सिमेंटच्या अंगणावर रोज उड्या मारवून घेणाऱ्या मंडळापेक्षा मऊ मातीचे, नीट पाणी मारलेले साधे मैदान शतपटीने बरे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. त्या दिवसांत सराव सूर्योदयाच्या सुमारास किंवा ऊन कलल्यावरच झाला पाहिजे, आणि पिण्याच्या पाण्याची सोय मैदानावरच असली पाहिजे.

मुलींच्या बाबतीत आणखी दोन प्रश्न निःसंकोच विचारावेत: परगावी संघ जातो तेव्हा सोबत जबाबदार स्त्री असते काय, आणि कपडे बदलण्यास बंदिस्त खोली आहे काय. मासिक पाळीच्या दिवसांत विश्रांती मागणाऱ्या मुलीला जेथे ओशाळे व्हावे लागते, तेथे ती फार काळ टिकत नाही. यावल, रावेर किंवा साक्रीकडच्या खेड्यातून येणाऱ्या मुलीला शेवटची एस.टी. सापडेल अशा वेळी सराव सोडणारा प्रशिक्षक मिळाला, तर तेवढ्या एका गोष्टीसाठीही ते मंडळ पसंत करावे.

शाळा सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत स्पर्धांची नावनोंदणी सुरू होते, आणि मग घाईत निवड करावी लागते. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, की उन्हाळ्याच्या सुटीतच दोन-तीन मैदाने पाहून घ्यावीत, तेथे बाकावर बसणाऱ्या मुलांच्या आईबापांशी बोलावे, आणि मंडळाच्या मान्यतेविषयी शंका राहिल्यास जळगाव किंवा धुळे येथील जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन समक्ष चौकशी करावी.