वापरलेला बिनतारी संच : निवड आणि पारख

दिनांक २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वीज गेली, दूरध्वनी मुके झाले आणि भ्रमणध्वनीही अनेक ठिकाणी निरुपयोगी ठरले. त्याआधी डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीच्या वेळी पोर्ट ब्लेअर येथे असलेल्या हौशी रेडिओचालकांच्या पथकाने अंदमानातून मुख्य भूमीकडे संदेश पोहोचविले होते. हॅम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या छंदाचे मोल अशा प्रसंगी कळते.

दूरच्या संपर्कासाठी लघुलहरी, तर गाव ते तालुका एवढ्या अंतरासाठी व्हीएचएफ व यूएचएफ लहरी सोयीच्या असतात. नवा संच महाग पडत असल्याने शाळा, महाविद्यालये व होतकरू हौशी चालक पुष्कळदा वापरलेला संच घेतात. त्यात गैर काही नाही. मात्र स्वस्तात घेतलेला आणि न पारखलेला संच कपाटात राहतो व नेमक्या संकटाच्या दिवशी दगा देतो.

आधी परवाना

संच घेण्यापूर्वी परवाना हवा. केंद्र शासनाच्या दूरसंचार विभागाची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यास तो मिळतो. हौशी रेडिओचा उपयोग व्यापारी कामासाठी करता येत नाही. भारतात या छंदासाठी व्हीएचएफमध्ये १४४ ते १४६ आणि यूएचएफमध्ये ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे आहेत. अमेरिकेसाठी बनविलेले संच १४८ मेगाहर्ट्झपर्यंत चालतात. परंतु संच चालतो म्हणून तेथे बोलण्याची मुभा मिळत नाही. आतील जोडणी बदलून पट्ट्याबाहेर प्रक्षेपण करणारा 'खुला' केलेला संच विक्रेता गुण म्हणून सांगेल; तो दोष समजावा.

गरज ओळखावी

हातात धरावयाचा संच साधारणतः ५ वॅट, तर वाहनात किंवा टेबलावर ठेवावयाचा संच २५ ते ५० वॅट शक्तीचा असतो. तथापि या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशात अँटेना ९ मीटर उंच असेल तर तिचे रेडिओ-क्षितिज सुमारे १२ किलोमीटरवर असते. ३६ मीटर उंचीवर ते सुमारे २५ किलोमीटरवर जाते. सह्याद्रीच्या कुशीतील गावाला समोरचा डोंगरच आडवा येतो. तेथे अधिक वॅटपेक्षा उंच अँटेना किंवा डोंगरावरील रिपीटर अधिक कामाचा. म्हणून सगळा पैसा संचावर खर्च करू नये. हलक्या प्रतीच्या बारीक केबलच्या २० मीटर लांबीत व्हीएचएफची निम्म्याहून अधिक शक्ती वाया जाऊ शकते. यूएचएफमध्ये हानी त्याहूनही मोठी असते.

पारख कशी करावी

रिपीटरसाठी प्रक्षेपण व ग्रहण यांच्या कंप्रतांत ठरावीक अंतर ठेवावे लागते; व्हीएचएफमध्ये ते बहुधा ६०० किलोहर्ट्झ असते. अनेक रिपीटर विशिष्ट सूक्ष्म स्वर मिळाल्याखेरीज उघडत नाहीत. जुन्या संचात ही सोय आहे किंवा नाही, हे प्रत्यक्ष चालवून पाहावे. व्यावसायिक वापरातून निघालेला संच मजबूत असतो. पण त्यातील कंप्रता बदलण्यास संगणक व विशेष केबल लागते. ती सोबत मिळणार की नाही, हे विचारावे.

प्रक्षेपणाची चाचणी अँटेनाऐवजी 'डमी लोड' व वॅटमापक जोडून घ्यावी. दोन मिनिटांत शक्ती झपाट्याने घसरली किंवा जळका वास आला, तर संच नाकारावा. अंतिम टप्प्यातील ट्रान्झिस्टर वा मोड्यूलचे उत्पादन बंद झाले असेल, तर संच दुरुस्त होणेच कठीण. त्यानंतर दूरच्या परिचित केंद्राशी बोलावे आणि आपला आवाज स्पष्ट व स्थिर पोहोचतो का, हे त्यालाच विचारावे. क्षीण संकेत ऐकून ग्रहणक्षमता तपासावी. माइकची वायर वाकवून पाहावी. कळा, पडदा व अँटेनाचे जोड पाहावेत. वीजतारेतील फ्यूजच्या जागी साधी तार आढळली, तर पूर्वीच्या मालकाची निगा कशी होती ते निराळे सांगावयास नको.

हातसंचाची बॅटरी जुनी झालेली आहे असे धरूनच किंमत ठरवावी. साध्या सेलवर चालविण्याची पेटी मिळत असेल तर तो संच अधिक पसंत करावा. ५० वॅटचा संच प्रक्षेपणाच्या वेळी १३.८ व्होल्टवर सुमारे १० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह घेतो. त्यासाठी मोटारीची बॅटरी व ती भरून ठेवण्याची सोय हवी.

विक्रेता परवानाधारक असल्याची खात्री करावी. संचाचा अनुक्रमांक लिहिलेली, स्वाक्षरीची पावती घ्यावी. अनुक्रमांक खरवडलेला संच कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

संच आला म्हणजे काम संपले, असे नाही. आठवड्यातून एकदा वीजजोडणी काढून, केवळ बॅटरीवर शेजारच्या केंद्राशी बोलण्याचा परिपाठ ठेवावा. पूर आल्यावर संच शिकावयास वेळ नसतो. रोज वापरातला साधा संच त्या दिवशी नव्या कोऱ्या संचापेक्षा अधिक भरवशाचा ठरतो.