भट्टीतला समुद्र

माझी आई देवगडकडची. लग्न होऊन बोरगावला आली ती फोंडा घाट चढून. देवगड-निपाणी रस्ता आजही आहे, पण गेल्या काही वर्षांत गुडघ्यांनी दावा साधला आणि घाट तिला बंद झाला. "माका एकदा दर्यो बघूचो हा गो," एवढंच अधूनमधून म्हणते. आमच्या दूधगंगेची तऱ्हा आणखी वेगळी. पश्चिमेचा समुद्र एवढा जवळ असून ती कृष्णेला मिळते आणि पार बंगालच्या उपसागरात जाते!

काचेचं काम मी कोल्हापुरात शिकले. नंतर एक जुनी विजेची भट्टी घेऊन घरामागच्या पडवीत बसवली. काच म्हटली की आपल्याला फुंकनळी आठवते, किंवा कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील. पण फुंकून भांडी करण्याची युक्ती निघाली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. साच्यात काच वितळवून आकार देणं त्याहून कितीतरी जुनं. माझं काम त्याच जातीचं. थंड काचेचे तुकडे रचायचे, भट्टी लावायची आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड.

आईसाठी समुद्राचं ताट करायचं ठरवलं. पहिल्या खेपेला हौसेनं खिडकीच्या काचेवर निळ्या बाटलीचे तुकडे मांडले. ताट निघालं देखणं. तिसऱ्या दिवशी शोकेसमध्ये 'टच्' आवाज झाला आणि मधोमध तडा! प्रत्येक काच तापल्यावर फुगते आणि निवताना आकसते, पण सगळ्या सारख्याच आकसत नाहीत. दोन जातींच्या काचा वितळून एक झाल्यासारख्या दिसतात, आतून ओढाताण चालूच राहते. त्या दिवशी मी जेवले नाही, खोटं कशाला सांगू?

मग एक गोष्ट लक्षात आली. साध्या खिडकीची काच समोरून पांढरी दिसते, कडेनं पाहा, हिरवी! वाळूतल्या थोड्याशा लोखंडाचा तो रंग. म्हणजे समुद्र काचेतच होता, मी उगाच बाटल्या फोडत होते. जुन्या तावदानाची एकच काच घेतली, पट्ट्या कापल्या आणि खोल पाणी हवं तिथे थर वाढवले. थरांमध्ये तांब्याची बारीक तार ठेवली. ती कुठे लालसर, कुठे निळसर छटा सोडते. फेसासाठी चिमूटभर खायचा सोडा भुरभुरला. तापल्यावर त्यातून वायू सुटतो आणि बुडबुडे काचेत अडकतात. काच खाली चिकटू नये म्हणून फरशीला चिनीमाती आणि अ‍ॅल्युमिनाचा लेप दिला.

साधारण ८२५ अंशांना थर एकजीव झाले. खरी परीक्षा पुढे. निवताना ५५० अंशांच्या आसपास काच थांबवून धरायची, म्हणजे आतला ताण निघतो. मग हळूहळू खाली. आणि नेमकी तेव्हाच लाईट गेली! झाकण उघडून बघावं असं हजारदा वाटलं. पण भट्टीच्या जाड विटा ऊब धरून ठेवतात. मी त्यावर घरातली जुनी घोंगडी टाकणार होते, तर यजमानांनी ओरडून अडवलं, "घर पेटवशील!" बरोबरच होतं त्यांचं. लाईट तासाभरानं आली. झाकण मी दुसऱ्या दिवशी दुपारी, हाताला भट्टी गार लागल्यावरच उघडलं.

अख्खं निघालं. पुन्हा साच्यावर ठेवून ७०० अंशांच्या आसपास वाकवलं, मग खोलगट झालं. आठवडाभर तड्याची वाट पाहिली आणि मगच आईकडे नेलं.

तिनं चष्मा पुसला. ताट खिडकीशी धरून कडेनं पाहिलं, बुडबुड्यांवरून बोट फिरवलं.

"ही भरती की सुकती?"

मला काही सांगता येईना. तिनंच ताट अर्धं फिरवलं आणि पुन्हा पाहिलं.

"सुकती," ती म्हणाली. "आता शिंपले गावतले."