सरासरी गाठली, पण पाऊस पडला कसा?

'यंदा पावसाने सरासरी गाठली' ही बातमी वाचून शहरातला वाचक निश्चिंत होतो. मात्र बुलडाणा जिल्ह्यातील वडनेर भोलजीच्या शेतकऱ्याला त्या वाक्यातून फारसे काही कळत नाही. मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान महामार्गावर वसलेले हे गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यात येते. येथील जमीन काळी, पिके कापूस, सोयाबीन आणि तूर. या पिकांना पाऊस किती पडला याइतकेच तो किती दिवसांत पडला, हेही महत्त्वाचे असते.

विदर्भात पूर्वापार परिचित असलेली 'झड' म्हणजे दिवसेंदिवस चालणारा संथ पाऊस. त्याचे पाणी जमिनीत मुरते, विहिरींना उतरते. याउलट चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस कोसळला, तर एका एकरावर सुमारे २ लाख ६० हजार लिटर पाणी पडते. काळी माती भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग मंदावतो. मग वरचे पाणी सुपीक थर घेऊन वाहून जाते, उरलेले पिकाच्या मुळाशी साचते. वाफसा येईपर्यंत निंदणी, डवरणी, फवारणी सारेच थांबते.

हा बदल केवळ अनुभवाचा नाही. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या पावसाच्या नोंदी तपासल्या. २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार मुसळधार पावसाच्या घटना वाढल्या, तर मध्यम पावसाच्या घटना घटल्या. दोन्ही बदलांनी एकमेकांची भरपाई केल्यामुळे सरासरी मात्र जवळपास जागच्या जागी राहिली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की मध्य भारतात विस्तीर्ण प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून सुमारे तिपटीने वाढल्या आहेत.

यामागचे भौतिकशास्त्र सोपे आहे. हवेचे तापमान एक अंशाने वाढले, की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे वारे अधिक बाष्प आणतात आणि अनुकूल स्थिती मिळताच ते थोड्या वेळात रिते होते.

अतिवृष्टीचा विस्तारही विषम असतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, तर कुलाब्यात सुमारे ७४ मिलिमीटर पाऊस झाला. बुलडाणा जिल्ह्यात २२ जुलै २०२३ रोजी सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पुराने हाहाकार माजवला, शेते खरडून नेली. अशी एखादी घटना तापमानवाढीमुळेच घडली, असे स्वतंत्र अभ्यासाशिवाय म्हणता येत नाही. परंतु अशा घटनांची वारंवारता वाढते आहे, हे दीर्घकालीन नोंदी सांगतात.

म्हणूनच जिल्ह्याच्या सरासरीवर विसंबून चालणार नाही. नुकसानीचे पंचनामे ज्या ६५ मिलिमीटरच्या निकषावर अवलंबून असतात, तो महसूल मंडळातील नोंदीवर मोजला जातो. पर्जन्यमापकापासून काही किलोमीटरवर ढग रिता झाला, तर शेत वाहून गेले तरी कागदावर अतिवृष्टी होतच नाही. नोंदीचे जाळे दाट करणे, रुंद सरी-वरंबा पद्धतीने जादा पाणी बाहेर काढणे, ते शेततळ्यात साठवून पुढच्या खंडात वापरणे, हे उपाय हाताशी आहेत. त्यासाठी आधी प्रश्न बदलायला हवा : पाऊस किती झाला, एवढेच नव्हे, तो किती दिवसांत झाला आणि मध्ये किती दिवस कोरडे गेले?