सीएनसी शिकायचं म्हणजे नेमकं काय शिकायचं?

सरावलीतला किंवा तलासरीकडचा दहावी झालेला मुलगा 'सीएनसीवर लागलो' म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा डहाणूबाहेर लागलेला असतो. त्याला कारण आहे. जून १९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला आणि उद्योगांसाठी कमाल ५०० एकरांची मर्यादा घातली. चिकूच्या वाड्या राहिल्या, ते बरंच झालं असं आम्ही म्हणू. पण मोठी कारखानदारी एकीकडे बोईसर-तारापूरला, दुसरीकडे उंबरगाव-वापीला. म्हणजे रोजचा रेल्वेप्रवास, आणि सुरुवातीला बऱ्याचदा कंत्राटदाराकडची हजेरी. इतकं करून नुसतं हिरवं बटण दाबायला जायचं का?

मशीनबद्दल भीती असेल तर आधी ती काढू. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीने आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं. मूळ कल्पना जॉन पार्सन्स यांची, हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामातून आलेली. वक्र रेषा हाताने कोरण्यापेक्षा तिच्यावरचे बिंदू आकड्यांत द्यायचे, एवढंच. तेव्हा भोकं पाडलेली पट्टी होती, आज संगणक आहे. जी ०० म्हणजे टूल झरकन न्या, जी ०१ म्हणजे कापत सरळ न्या, एम ०३ म्हणजे स्पिंडल फिरवा. असे वीस-पंचवीस कोड महिन्याभरात तोंडपाठ होतात. त्यात फार काही नाही.

खरं काम मोजमापात आहे. आपल्याकडे गवंडी आणि सुतार सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरला थोडं कमी. इथे मिलिमीटरचा शंभरावा भाग सांभाळायचा असतो. समजा, ड्रॉइंगवर बाहेरचा व्यास ३० मिमी आहे आणि मुभा अधिक-उणे ०.०२. पहिला जॉब बरोबर ३०.०० आला. इन्सर्ट झिजत गेला आणि पुढचा एक जॉब ३०.०३ भरला. म्हणजे तो मापाबाहेर गेला. आता प्रोग्रॅमला हात लावायचा नाही, झिजेच्या ऑफसेटमध्ये एक्सला उणे ०.०३ द्यायचे. आतलं भोक असेल तर झिजेमुळे व्यास कमी येतो, म्हणून चिन्ह उलटं. हे ज्याला कळलं तो सेटर होण्याच्या वाटेला लागला. बाकीचे जॉब लावतात, जॉब काढतात, आणि दहा वर्षांनीही तेच करतात.

आणि दशांशचिन्ह! कित्येक कंट्रोलवर 'एक्स ३०' पुढे टिंब दिलं नाही, तर मशीन ते ३० मिमी न समजता ३० मायक्रॉन समजतं. टूल सरळ जॉबमध्ये घुसतं. म्हणून नवा प्रोग्रॅम आधी हवेत चालवून बघायचा, एक-एक ओळ. फिरत्या चकजवळ हातमोजे घालायचे नाहीत. मोजा अडकला तर हातही ओढला जातो.

गणित किती लागतं, हे पालक नेहमी विचारतात. दहावीचं पुरतं. कापण्याचा वेग मिनिटाला १५० मीटर आणि व्यास ५० मिमी असेल, तर १५० गुणिले १०००, भागिले पाय गुणिले ५०. सुमारे ९५५ फेरे. त्रिकोणमिती मात्र सोडू नका, टेपरला ती लागतेच.

शिकायचं कुठे? आमचं मत स्पष्ट आहे: आयटीआयचा टर्नर किंवा मशिनिस्ट, दोन्ही दोन वर्षांचे. साध्या लेथवर हाताने टूल लावलेल्याला कापताना आवाज बदलला की कळतं. तीन महिन्यांच्या खासगी क्लासमध्ये पडदा दिसतो, लोखंड कमी दिसतं. पुढे १९६१ च्या कायद्याखालची शिकाऊ उमेदवारी घ्या, तिथे विद्यावेतन मिळतं. फी भरण्याआधी संस्थेत एकच विचारा: एका मशीनवर किती मुलं, आणि मशीन चालू आहे का?

वापीला जाणंच भाग आहे असंही नाही. चिंचणीकडे दागिन्यांचे डाय करणारे कारागीर आहेत. हाताने कोरायचं काम आता तिथेही मशीनकडे सरकतंय, आणि नक्षीची नजर असलेल्या मुलाला त्यात जागा आहे.

मुलाखतीला गेलात की प्रमाणपत्र नंतर बघतात. आधी हातात मायक्रोमीटर आणि एक जॉब देतात, माप सांगा म्हणतात. त्याची तयारी घरी स्टीलच्या वाटीच्या काठावरही करता येते.